ड्युटी बदलली, डबा कधी बदलणार?



या पानांवर आपण नेहमी महागाई भत्ता, रिक्त जागा, पेन्शन, बढती आणि बदल्या यांविषयी वाचता. या वेळी आम्ही डब्याविषयी लिहिणार आहोत. सेक्रेटरीचे विषय संपले, असे काहींना वाटेल. तसे नाही. शाखेच्या कार्यालयात येणारी प्रकरणे पाहूनच हा विषय घ्यावा लागला. पूर्वी सभासद चार्जशीटचा कागद घेऊन यायचा. आता मेडिकलचा कागद घेऊन येतो.

आमचा एक सहकारी मालगाडीचा लोको पायलट होता. पंचेचाळिशी ओलांडल्यावर रक्तातली साखर वाढल्याचे त्याला एका खाजगी दवाखान्यात कळले. त्याने ते कोणालाच सांगितले नाही. रेल्वेच्या डॉक्टरला कळले तर गाडीवरून उतरवतील, ही भीती. चार वर्षे त्याने गोळ्या कधी घेतल्या, कधी नाही. पथ्य तर नाहीच. शेवटी नियतकालिक तपासणीत डोळ्याचा पडदा खराब झाल्याचे निघाले आणि ए-वन वर्गातून नाव गेले. संघटनेने त्याला पर्यायी जागा मिळवून दिली, पगार राखून घेतला. पण किलोमीटरचा भत्ता गेला तो गेलाच, आणि गाडीही गेली. आज तो टेबलावर फायली लावतो. त्याने आम्हाला एकच गोष्ट विचारली. बोनससाठी तुम्ही दरवर्षी गेट मीटिंग घेता, या विषयावर एकदा तरी घेतली होती का?

आमच्याजवळ उत्तर नव्हते. हा लेख म्हणजे उशिरा दिलेले उत्तर आहे.

कामातला व्यायाम गेला

आम्ही दहावी पास होऊन शेडमध्ये खलाशी म्हणून लागलो तेव्हा वाफेच्या इंजिनांचे शेवटचे दिवस होते. फायरमन एका फेरीत टनावारी कोळसा फावड्याने भट्टीत टाकत असे. गँगमन बीटरने खडी ठोकून रूळ पॅक करीत असे. पोस्टमन खांद्यावर थैली टाकून तीन-तीन मजले चढत असे. आरएमएसचा सॉर्टर खणांसमोर तासन् तास उभा राहून पत्रे टाकत असे. या माणसांना कोणी व्यायाम करा म्हणून सांगितले असते तर ते हसले असते. त्यांच्या ताटात सहा चपात्या आणि भाताचा डोंगर असे, आणि तो जिरतही असे.

आज वाफेचे इंजिन संग्रहालयात आहे. विजेच्या इंजिनात लोको पायलट सहा-आठ तास एका जागी बसून सिग्नल बघतो. खडी पॅक करायला यंत्र येते. शहरातला पोस्टमन दुचाकीवरून जातो आणि इमारतीत लिफ्टने चढतो. टपालाच्या खिडकीवरची भगिनी सकाळपासून संगणकासमोरून उठत नाही. आरक्षण कार्यालयाचेही तेच. काम हलके झाले असे आम्ही मुळीच म्हणत नाही. डोक्यावरचा ताण कितीतरी वाढला आहे. पण हातापायांचे काम कमी झाले, आणि ताट मात्र फायरमनचेच राहिले. दुखणे येथे आहे.

हे आमच्या मनाचे नाही. जगाला हा धडा आपल्याच धंद्यातल्या माणसांनी दिला आहे. १९५३ साली इंग्लंडमध्ये डॉ. जेरी मॉरिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लंडनच्या दुमजली बसगाड्यांवरील कामगारांचा अभ्यास प्रसिद्ध केला. ड्रायव्हर आणि कंडक्टर एकाच बसवर, एकाच वस्तीत राहणारे. फरक एवढाच की ड्रायव्हर दिवसभर बसून आणि कंडक्टर दिवसभरात शेकडो पायऱ्या चढून-उतरून. हृदयविकार कंडक्टरांमध्ये कमी आढळला. त्याच अभ्यासात टपाल खात्याचे कामगारही होते. पायी किंवा सायकलने टपाल वाटणारे पोस्टमन, टेबलावर बसणाऱ्या कारकून आणि टेलिफोन ऑपरेटरांपेक्षा बरे निघाले. पुढे १९६२ साली अमेरिकेतल्या रेल्वे कामगारांचा असाच अभ्यास झाला. तेथेही रुळावर काम करणाऱ्या गँगमध्ये हृदयविकाराने होणारे मृत्यू कारकुनांपेक्षा कमी होते.

म्हणजे चालणारा पोस्टमन आणि रुळावरचा गँगमन यांचे हृदय त्यांच्या कामाने सांभाळले होते. आज ते काम खात्याने बदलले. जे फुकट मिळत होते ते आता वेगळे कमवावे लागणार.

देशाची स्थिती काय आहे तेही पाहा. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या पाहणीचे आकडे २०२३ साली प्रसिद्ध झाले. त्यानुसार देशात सुमारे १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह आहे आणि आणखी १३ कोटी ६० लाख लोक त्याच्या उंबरठ्यावर आहेत. मोठ्या माणसांत शंभरातल्या पस्तिसांहून अधिक जणांचा रक्तदाब वाढलेला आहे. एके काळी हे श्रीमंतांचे आजार म्हणत. आता ते पाळीच्या कामगाराचे आजार झाले आहेत.

पाळीचे घड्याळ आणि पोटाचे घड्याळ

आरोग्यावरचे बहुतेक लेख दहा ते पाच नोकरी करणाऱ्यांसाठी लिहिलेले असतात. सकाळी सहाला उठा, आठला न्याहारी करा, रात्री आठच्या आत जेवा. आपला सभासद हे वाचतो आणि पान उलटतो. त्याची ड्युटी आज रात्री दोनला लागते, उद्या दुपारी चारला. आरएमएसचा माणूस जग झोपलेले असताना थैल्या उघडतो. स्टेशन मास्तर, पॉइंट्समन, केबिनमन, गार्ड, ज्याला २०२२ पासून ट्रेन मॅनेजर म्हणतात, यांच्यासाठी न्याहारीची वेळ अशी काही नसतेच.

शरीरात एक घड्याळ असते. ते रोस्टर वाचत नाही. रात्री शरीर साखर नीट पचवू शकत नाही. तेच जेवण दुपारी घेतले तर रक्तातली साखर जेवढी वाढते, त्यापेक्षा रात्री दोनला घेतले तर जास्त वाढते. वर्षानुवर्षे रात्रपाळी करणाऱ्यांना मधुमेह आणि हृदयविकाराचा धोका अधिक असतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने तर रात्रपाळी ही बहुधा कर्करोगालाही कारण ठरते, असे २००७ मध्ये जाहीर केले आणि २०१९ मध्ये पुन्हा तपासून कायम ठेवले. रेल्वेच्या हिशेबात रात्रीच्या एका तासाला दहा मिनिटांची भर धरतात. शरीराच्या हिशेबात ही भर फार अपुरी आहे.

म्हणून रात्रपाळीवाल्या बांधवांसाठी साधे नियम सांगतो. पोटभर जेवण ड्युटीवर जाण्यापूर्वी घरीच करावे. मध्यरात्र ते पहाट या वेळात भरपेट जेवू नये. भूक लागली तर मूठभर फुटाणे, शेंगदाणे, एखादे केळे किंवा उकडलेले अंडे घ्यावे. चहा पाळीच्या पहिल्या अर्ध्यातच संपवावा. पहाटे चारला घेतलेला चहा सकाळची झोप मारतो, आणि झोप मोडली की दिवसभर गोड-तळलेले खावेसे वाटते. घरी आल्यावर हलके काही खाऊन झोपावे. रिकाम्या पोटी झोप लागत नाही आणि भरल्या पोटी झोपले तर आम्लपित्त ठरलेले.

डब्याचा हिशेब

आपण युनियनवाले आकड्यांची माणसे. पगाराच्या स्लिपमधला एक रुपया चुकला तरी आपण पकडतो. तोच हिशेब ताटाला लावू या.

चहापासून सुरुवात करू. एका लहान चमच्यात चार-पाच ग्रॅम साखर मावते. पाळीत आणि घरी मिळून आठ चहा, प्रत्येकात दोन चमचे, म्हणजे सोळा चमचे. चार ग्रॅमप्रमाणे धरले तरी दिवसाला ६४ ग्रॅम. महिन्याला जवळजवळ दोन किलो साखर एकटा माणूस नुसत्या चहातून पितो. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ साली आहाराची जी नवी मार्गदर्शक तत्त्वे दिली, त्यांत दिवसाची मर्यादा २५ ग्रॅमच्या आसपास आहे. बिस्किटे आणि जिलेबी आम्ही अजून धरलेलीच नाहीत. चहा सोडा असे आम्ही म्हणणार नाही. चहा सोडलेला रेल्वेमन आम्ही अजून पाहिलेला नाही. आठाचे चार करा, दोन चमच्यांचा एक करा. एवढ्याने हिशेब चौथाईवर येतो.

आता ताट. बहुतेकांच्या डब्यात चपाती, भात आणि बटाट्याची भाजी असते. ही तीन नावे असली तरी पोटात गेल्यावर तिन्ही पिठाचीच. ताटाचे चार भाग धरा. दोन भाग भाजी, पालेभाजी, कोशिंबीर, काकडी, मुळा, गाजर. एक भाग भाकरी, चपाती किंवा भात. एक भाग डाळ, उसळ, पिठले, अंडे किंवा मासा. यासाठी परदेशी डबाबंद वस्तू लागत नाहीत. ज्वारीची भाकरी, मटकीची उसळ, मेथीची भाजी आणि ताक हा आपल्या आजीचा डबा होता. तो महागही नाही. महाग आहे तो दवाखाना.

मीठ दिवसाला एक लहान चमचा, म्हणजे पाच ग्रॅमच्या आत असावे असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. स्वयंपाकातच ते बहुतेक संपते. त्यावर पापड, लोणचे, फरसाण आणि वडापावची चटणी आली की रक्तदाबाला आमंत्रण गेलेच. वडापाव म्हणजे तळलेला बटाटा मैद्याच्या पावात. आठवड्यातून एकदा आनंदाने खावा. रोजचे जेवण म्हणून खाऊ नये.

आपले सभासद देशभर विखुरलेले आहेत. खांडवा, इटारसी, बिलासपूर, खरगपूर, वाडी, सिकंदराबाद, बडोदा येथे मराठी माणसे पिढ्यान् पिढ्या रेल्वेत आणि टपालात आहेत. लाइनवर असताना घरचा डबा दोन वेळा पुरत नाही. तेव्हा स्टेशनावर जे मिळते त्यातले निवडावे. दक्षिणेत इडली चांगली, वडा नको. मध्य प्रदेशात पोहे चालतील, बरोबरची जिलेबी नको. बंगालकडे मुरी-चणे मिळतात, ते उत्तम. केळे, उकडलेले अंडे, ताक आणि फुटाणे बहुतेक ठिकाणी मिळतात. आणि ड्युटीच्या पिशवीत एक राखीव डबी असावी. फुटाणे, शेंगदाणे, थोडा खजूर. मालगाडी आडबाजूच्या स्टेशनात चार तास अडकली की भुकेने माणूस मिळेल ते खातो. राखीव डबी ही त्या वेळची तरतूद.

डबा कोण करते, हेही बोलायला हवे. बहुतेक घरांत तो बायको किंवा आई करते, आणि आज अनेक घरांत ती स्वतःही नोकरीला असते. डॉक्टरांनी पथ्य सांगितले की आपण घरी येऊन हुकूम सोडतो. हे बरे नाही. भाजी निवडणे, काकडी चिरणे, उसळीला मोड आणणे ही कामे पुरुषांनी शिकावीत. रनिंग रूममध्ये स्वतःचा स्वयंपाक करणारे जुने ड्रायव्हर आम्ही पाहिले आहेत. घरी आल्यावर त्यांचे हात का बांधले जातात? आणि ज्या भगिनी खिडकीवर, गेटवर, रुळावर किंवा इंजिनात काम करतात, त्यांची घरची पाळी तर कोणत्याच रोस्टरमध्ये धरलेली नसते. सर्वांना वाढून उरलेले खाणे हे त्यांचे पथ्य होता कामा नये.

नव्याचे नऊ दिवस

हे सर्व कळते, पण वळत नाही. आमचेच सांगतो. रक्तदाब १५० वर गेला तेव्हा डॉक्टरांनी रोज चालायला सांगितले. आम्ही त्याच दिवशी बूट आणले आणि रोज पहाटे सहाला चालायचे ठरवले. पाचव्या दिवशी रात्रपाळी आली, सहाव्या दिवशी शाखेची बैठक लांबली, सातव्या दिवशी पाऊस पडला. बूट खाटेखाली गेले ते दोन महिने बाहेर आले नाहीत.

पुढे शाखेतल्या सात जणांनी मिळून ठरवले. पहिल्या महिन्यात सात, दुसऱ्या महिन्यात तीन. तेव्हा आम्ही बसून विचार केला. चूक माणसांची नव्हती, वेळापत्रकाची होती. ज्याची ड्युटी रोज बदलते त्याने व्यायाम घड्याळाला बांधला तर तो तुटणारच. म्हणून आम्ही नियम बदलला. व्यायाम घड्याळाला नाही, ड्युटीला बांधायचा. झोपून उठलो की आधी चालायचे, मग चहा. उठणे सकाळी असो की दुपारी तीनला असो. ज्यांना ते जमत नाही त्यांनी ड्युटी सुटल्यावर सही केली की घरी जाण्याआधी चालायचे.

किती चालायचे? जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला किमान १५० मिनिटे सांगते. म्हणजे आठवड्यात पाच दिवस अर्धा तास, बोलता येईल पण गाणे म्हणता येणार नाही इतक्या वेगाने. अर्धा तास एकदम नसेल तर दहा-दहा मिनिटे तीनदा चालले तरी चालते. आमचे माप सोपे आहे. चोवीस डब्यांची गाडी पूर्ण उभी राहते तो फलाट अर्ध्या किलोमीटरहून थोडा जास्त असतो. या टोकापासून त्या टोकापर्यंत जाऊन परत आलो की एक किलोमीटर पुरा. गर्दी नसताना अशा दोन फेऱ्या केल्या की दिवसाचे काम बहुतेक झाले. पोस्ट ऑफिसातल्या बांधवांनी जिन्याचा उपयोग करावा. जेवणानंतर दहा मिनिटे शतपावली केली तर साखर कमी वाढते, आणि तेवढा वेळ जेवणाच्या सुट्टीत मिळू शकतो. आठवड्यातून दोन दिवस उठाबशा आणि भिंतीला हात टेकून जोर काढावेत. त्याला जिम लागत नाही, पैसे लागत नाहीत.

दुसरा नियम हजेरीचा. शाखेच्या कार्यालयात एक साधी वही ठेवली. जो चालला त्याने सही करायची. मस्टरवर सही करायची सवय आपल्याला पहिल्या दिवसापासून असते. तीच सवय कामाला आली. वहीत खाडा दिसला की दुसरा विचारतो, काय रे, बरा आहेस ना? डॉक्टरचे ऐकले नाही तरी चालते असे माणसाला वाटते, सहकाऱ्याने विचारले की लाज वाटते. तिसरा नियम, एक खाडा माफ, सलग दोन खाडे नाहीत. ओव्हरटाइम झाला, घरी पाहुणे आले, ताप आला, सर्व मान्य. पण दुसऱ्या दिवशी निदान एक फेरी. सवय मोडते ती पहिल्या खाड्याने मोडत नाही. एक खाडा पडला म्हणजे सगळे संपले, असे मानल्याने मोडते.

वही चालू आहे. रोज सगळे असतात असे नाही. पण आमचा रक्तदाब खाली आला आणि पट्ट्याचे एक भोक मागे सरकले. गोळी डॉक्टरांनी अजून बंद केलेली नाही, आणि आम्हीही ती स्वतःहून बंद केलेली नाही. हे मुद्दाम सांगतो. चालायला लागले म्हणून कोणी औषध सोडू नये. मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांनी उपास किंवा जेवण टाळणे डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नये. चालताना छातीत दुखले किंवा धाप लागली तर तेथेच थांबावे आणि दवाखान्यात जावे.

सर्वांना एकच काढा नको

येथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. ट्रॅकमन, कीमन आणि पावसाळ्यात रात्रभर रूळ तपासत चालणारा गस्तवाला यांना कोणी चालण्याचा उपदेश करू नये. अवजारांचे ओझे घेऊन तो उन्हात आणि पावसात किलोमीटरच्या किलोमीटर चालतो. खेड्यापाड्यांत सायकलने टपाल पोहोचवणाऱ्या ग्रामीण डाक सेवकाचेही तसेच. त्यांना व्यायाम नको, विश्रांती हवी. पिण्याचे स्वच्छ पाणी हवे, सावली हवी, आणि डब्यात डाळ, उसळ, अंडे यांची भर हवी. लिंबू, मीठ आणि किंचित साखर घातलेले पाणी उन्हाळ्यात बरोबर असावे. रक्तदाब असणाऱ्यांनी मात्र त्यातले मीठ डॉक्टरांना विचारून घ्यावे.

तंबाखूविषयी थोडक्यात. झोप घालवण्यासाठी रात्री चिमूट लावली जाते. ती झोप घालवत नाही, तोंड घालवते. आमच्या बरोबरीचे दोन सहकारी निवृत्तीपूर्वीच या रोगाने गेले. अधिक लिहवत नाही.

प्रशासनाचे काम प्रशासनाने करावे

आता काही अधिकारी हा लेख वाचून खूश होतील. कामगारांनीच आपली काळजी घ्यावी, हे युनियनच म्हणते! दरवर्षी २१ जूनला योगदिनाचे फोटो निघतात, टी-शर्ट वाटले जातात. योगाला आमचा विरोध नाही. पण त्याच माणसाला रात्री डबल ड्युटी लावायची आणि सकाळी ताणतणाव घालवण्याचे भाषण ऐकवायचे, हे चालणार नाही.

विश्रांतीची मागणी आपल्या चळवळीइतकीच जुनी आहे. नारायण मेघाजी लोखंडे यांच्या प्रयत्नांनी १० जून १८९० रोजी मुंबईच्या गिरणी कामगारांना रविवारची सुट्टी मिळाली. ऑगस्ट १९७३ च्या लोको रनिंग कर्मचाऱ्यांच्या संपानंतर दहा तासांच्या ड्युटीचे तत्त्व सरकारला मान्य करावे लागले. आणि ८ मे १९७४ रोजी सुरू झालेल्या रेल्वे संपाच्या मागण्यांत आठ तासांचा दिवस होता. ही माणसे आरोग्यासाठीच लढली, फक्त आरोग्य हा शब्द त्यांनी वापरला नाही.

आणि आज? एप्रिल २०२५ मध्ये रेल्वे बोर्डाने कळवले की लोको पायलटांना जेवण आणि नैसर्गिक विधीसाठी ठरावीक सुट्टी देणे गाडीचालनाच्या दृष्टीने शक्य नाही. इंजिनात शौचालय नसेल तर माणूस काय करतो? पाणी पिणे टाळतो. मग मुतखडा होतो, लघवीच्या मार्गाचे आजार होतात. महिला लोको पायलटांचे हाल तर सांगायलाच नकोत. अशा ठिकाणी दिवसाला तीन लिटर पाणी प्या, असा सल्ला देणे ही थट्टा आहे.

म्हणून आमच्या मते लढाई दोन ठिकाणी आहे. एक प्रशासनाच्या टेबलावर आणि एक आपल्या ताटात. टेबलावरची लढाई जिंकेपर्यंत ताटातली थांबवली तर मागणी मंजूर होईल तेव्हा तिचा उपभोग घ्यायला आपण असणार नाही. आणि ताटातली लढाई चालू केली म्हणून टेबलावरची सोडली, तर अधिकारी म्हणतील, दोष तुमच्या वडापावचा आहे, रोस्टरचा नाही. दोन्ही एकदम लढल्या पाहिजेत.

प्रत्येक शाखेने पुढील गोष्टी कराव्यात, असे आम्ही सुचवतो.

१) रनिंग रूम आणि कँटीन समितीवर आपला प्रतिनिधी असेल तर त्याने केवळ दर बघू नयेत, पदार्थही बघावेत. डाळ पातळ आणि भाजी बटाट्याचीच असेल तर लेखी तक्रार करावी. पालेभाजी, उसळ, ताक आणि रात्रपाळीसाठी हलके जेवण मागावे. मोठ्या वर्कशॉपमध्ये कँटीन चालवणे ही कायद्याप्रमाणे मालकाची जबाबदारी आहे, उपकार नाही.

२) सलग रात्रपाळ्या, रद्द झालेल्या विश्रांत्या आणि दहा तासांवरच्या ड्युट्या यांची नोंद शाखेने स्वतः ठेवावी. तोंडी तक्रार विरून जाते. तारीखवार कागद विरत नाही.

३) गेट, केबिन, सॉर्टिंग कार्यालय आणि टपाल खिडकी येथे पिण्याचे पाणी आणि स्वच्छ शौचालय आहे की नाही याची यादी करून ती प्रत्येक बैठकीत मांडावी.

४) वर्षातून दोनदा शाखेत साखर, रक्तदाब आणि कंबरेचे माप घ्यावे. उपाशीपोटी साखर १२६ किंवा त्यावर, रक्तदाब १४०-९० किंवा त्यावर असेल तर डॉक्टरकडे जायलाच हवे. पुरुषाची कंबर ९० सेंटिमीटर आणि स्त्रीची ८० च्या वर गेली तर सावध व्हावे. कोणाचा आकडा किती आला हे ज्याचे त्यालाच कळावे, पत्रक लावू नये.

५) आजार लपवू नका, हे प्रत्येक सभासदाला समजावून सांगावे. सेवेत असताना अपंगत्व आलेल्या सरकारी कर्मचाऱ्याला नोकरीवरून काढता येत नाही, त्याचा दर्जाही कमी करता येत नाही, असे २०१६ च्या दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांच्या कायद्याचे कलम २० सांगते. लवकर कळलेली साखर बहुधा काबूत राहते आणि गाडीही राहते. लपवलेली साखर दोन्ही घेऊन जाते.

६) आणि शाखेच्या कार्यालयात एक वही ठेवावी. पहिली सही सेक्रेटरीने करावी.

बांधवांनो, निवृत्तीच्या दिवशी हार घालून, नारळ देऊन आपण सहकाऱ्याला निरोप देतो. पेन्शनसाठी आपण एवढे लढतो. पण पेन्शन घ्यायला माणूस दहा-वीस वर्षे धडधाकट उरला नाही, तर ती लढाई कोणासाठी लढलो? फायलींच्या टेबलावर बसलेल्या आमच्या त्या सहकाऱ्याची गाडी आम्ही परत आणू शकत नाही. तो मात्र आता आमच्याबरोबर फलाटावर चालतो आणि वहीत रोज न चुकता सही करतो. या महिन्याच्या गेट मीटिंगमध्ये या विषयावर पहिल्यांदा तोच बोलणार आहे. आपापल्या शाखेतही असा कोणीतरी असेलच. त्याला बोलायला उभे करा.